काचेच्या पेटीतली हौलदिली

जानेवारी 2016 मध्ये रावेरला माझ्या अम्मीचा इंतिकाल झाला, तेव्हा मी कतारमध्ये, दोह्याला होते. फजरनंतर भावाचा फोन आला. असरनंतर दफन ठरलं होतं. दोह्याहून मुंबई आणि मुंबईहून रावेर, कोणत्याही विमानाने मी वेळेत पोहोचणार नव्हते. भावाने विचारलं, "आपा, थांबू का?" मी म्हटलं, "नको, थांबू नका. अम्मीला ताटकळत ठेवू नका." त्या दिवशी मी केलेलं एवढंच काम. बाकी दिवस मी नज्मामधल्या आमच्या दोन खोल्यांत नेहमीसारखा स्वयंपाक केला, मुलांचे डबे धुतले आणि रात्री कुरआन घेऊन बसले.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी पाच. घरात आम्ही त्यांना बाबू आणि गुड्डी म्हणतो, इथेही तेच म्हणते. मी त्यांना एकदाच सांगितलं, "नानी अल्लाहकडे गेल्या. दुआ करा." गुड्डीने विचारलं, "परत कधी येणार?" मी म्हटलं, "चल, दूध पी." बाबूने काहीच विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, मुलगा समजूतदार आहे. वीस वर्षांपूर्वी बी.एड. केलं तेव्हा बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. ते सगळं त्या महिन्यात कुठे गेलं होतं, कोण जाणे.

एक गोष्ट मी लपवून करत होते. अम्मीने डिसेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एक आवाजाचा निरोप माझ्या मोबाईलमध्ये होता. काही विशेष नाही त्यात. पापड पाठवलेत, मिळाले का, मुलांना थंडीत बाहेर सोडू नको, आणि मध्येच खोकला. अठरा सेकंद. दुपारी मुलं झोपली की स्वयंपाकघराचं दार लोटून, एक्झॉस्ट पंखा लावून मी तो ऐकायचे. पंख्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही असा माझा हिशेब होता.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी जुम्याहून आल्यावर मुलांचे अब्बू म्हणाले, "आज बाहेर पडू या. किती दिवस झाले, घरात कोणी हसलं नाही." मॉलमध्ये जायचं म्हणजे खर्च आणि गुड्डीचा हट्ट. संग्रहालयाला तेव्हा तिकीट नव्हतं. आम्ही कॉर्निशवरचं म्युझियम ऑफ इस्लामिक आर्ट बघायला निघालो. दोह्यात पाच वर्षं राहून ते आम्ही आतून पाहिलेलं नव्हतं. ठाण्याच्या लोकांनी तलावपाळीवर न जावं, तसं.

समुद्रात भराव टाकून केलेल्या छोट्या बेटावर ही इमारत आहे. दोन्ही बाजूंना खजुराची झाडं, मधून चढत जाणारा रस्ता, आणि समोर एकावर एक ठोकळे रचल्यासारखी पांढरट दगडाची वास्तू. मुलांच्या अब्बूंनी आराखडे काढण्याचं काम आयुष्यभर केलंय, त्यामुळे या इमारतीची गोष्ट त्यांना पाठ होती. आय. एम. पेई हे तिचे वास्तुविशारद. पॅरिसच्या लूव्रसमोरचा काचेचा पिरॅमिडही त्यांचाच. जन्माने चिनी, काम अमेरिकेत. हे काम हाती आलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. इस्लामी वास्तुकलेचं मर्म कशात आहे ते शोधायला ते देशोदेशी फिरले आणि शेवटी त्यांना ते सापडलं कैरोच्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणात, वुजूच्या हौदावर उभ्या असलेल्या तेराव्या शतकातल्या साध्या घुमटीत. चौकोन, त्यावर अष्टकोन, त्यावर घुमट, आणि उन्हाने फिरणारी सावली. पुढेमागे शेजारी उंच इमारत उभी राहून ही झाकली जाऊ नये म्हणून त्यांनी वेगळं बेटच मागून घेतलं. 2008 मध्ये संग्रहालय खुलं झालं तेव्हा पेई नव्वदी ओलांडलेले होते.

"म्हणजे हे सगळं वुजूखान्यावरून काढलंय?" बाबूने विचारलं. कित्येक दिवसांनी त्याचा प्रश्न ऐकला. मी मात्र म्हटलं, "हो. आत हळू बोलायचं. कशाला हात लावायचा नाही."

शाळेच्या सहली नेऊन नेऊन ही सवय लागलेली असते. रांग धरा, मोजणी करा, वहीत पाट्या उतरवा, पुढे चला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी लग्नाआधी शिक्षिका म्हणून पन्नास मुलं दीड तासात फिरवून बाहेर काढली होती आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. त्या मुलांनी काय पाहिलं, हे मी कधी विचारलं नाही.

आत गेल्यावर मी तेच सुरू केलं. पण दोनच मुलं असली की रांग होत नाही. गुड्डी एका काशाच्या हरणासमोर बसकण मारून बसली. कुर्तुब्याच्या खिलाफतीच्या काळातलं, दहाव्या शतकातलं हे हरिण कारंज्याचं तोंड म्हणून केलेलं आहे. अंगभर वेलबुट्टी, उभे कान. पाणी पोटातून वर येऊन तोंडातून पडायचं. गुड्डी म्हणाली, "याच्या तोंडात एवढं पाणी, तरी याला पिता येत नाही." बाबूचा प्रश्न वेगळा होता, आणि तो त्याने मोठ्याने विचारला. मदरशात तर सांगतात की जिवंत प्राण्यांच्या मूर्ती करू नयेत, मग मुसलमानांच्या संग्रहालयात ही कशी?

मी इकडेतिकडे पाहिलं आणि "शूऽऽ" केलं. मुलांचे अब्बू खाली बसले आणि म्हणाले, "बाबू, मुसलमानांनी केलेलं सगळं म्हणजे दीन नव्हे. बादशहांनी खूप काही केलं. चांगलं केलं, चुकीचं केलं, नुसतं हौसेखातर केलं. इथे आपण ते बघायला आलोय. मदरशात काय करावं ते शिकतो, इथे लोकांनी काय केलं ते कळतं." आठ वर्षांच्या मुलाला यातलं किती समजलं माहीत नाही, पण त्याने मान हलवली आणि पुढे निघाला. शिक्षिका मी आहे, ते ड्राफ्ट्समन आहेत. असो.

पुढे उस्तुरलाब होते, पितळेच्या नक्षीदार तबकड्या, एकावर एक बसवलेल्या. ताऱ्याची किंवा सूर्याची उंची मोजून त्यांवरून वेळ काढत, नमाजच्या वेळा ठरवत, किब्ल्याची दिशाही शोधत. बाबूने मागे वाकून पाहिलं. "यात सेल कुठे घालतात?" सेल लागत नाही म्हटल्यावर तो बराच वेळ तिथून हलेना. एका पेटीत मात्र काहीच नव्हतं. रिकामी बैठक आणि एक छोटं कार्ड. वस्तू दुसऱ्या संग्रहालयाला उसनी दिली आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मुलांना याची फारच गंमत वाटली. इतकी मौल्यवान वस्तूसुद्धा कोणी शेजारणीला वाटी दिल्यासारखी देतं!

मग आलं ते पदक.

तळहातावर मावेल एवढा पांढऱ्या यशबचा, म्हणजे जेडचा तुकडा. त्यावर कुरआनातल्या आयती कोरलेल्या. भारतात घडवलेला, शहाजहान बादशहासाठी, आणि साल हिजरी 1041. अशा पदकाला हौलदिली म्हणतात. मी उर्दू शिकवलेली बाई, शब्द कानावर पडला की आधी तो सोडवते. हौल म्हणजे धास्ती, धडकी. दिल म्हणजे दिल. छातीत धडधड होऊ नये, जीव घाबरा होऊ नये म्हणून गळ्यात घालून छातीवर टेकवायचा हा दगड. आणि साल 1041. मुमताज महल वारल्या हिजरी 1040 च्या अखेरीस, जून 1631 मध्ये. चौदाव्या बाळंतपणात. कुठे? बुऱ्हाणपूरला.

आमच्या रावेरहून बुऱ्हाणपूर म्हणजे रेल्वेने थोडासा प्रवास. हद्द ओलांडली की मध्यप्रदेश, पण केळीचे मळे तेच आणि बोलीही तीच. माझी अम्मी बुऱ्हाणपूरच्या माहेराची. लहानपणी तिने आम्हाला तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना दाखवला होता. आहू म्हणजे हरिण. मोगलांची ती हरणांची बाग. मुमताजना आधी तिथेच दफन केलं होतं. सहा महिन्यांनी त्यांना आग्र्याला नेलं, आणि ताजमहाल नंतरचा. जग आग्र्याला जातं, आमची अम्मी म्हणायची की रडला तो इथे.

मी हे मुलांना सांगितलं नाही. काचेसमोर उभी राहिले, एवढंच. बाबूने पाटीवरचं इंग्रजी अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, "इंडिया. अम्मी, हे आपल्याकडचं आहे."

"हो. बुऱ्हाणपूर माहीत आहे ना?"

"जिलेबीवालं?" गुड्डी म्हणाली. नानी येताना मावा जिलेबी आणायची, म्हणून तिच्या लेखी ते जिलेबीचं गाव.

मग मला सांगावंच लागलं. बादशहा होता, त्याची बेगम त्या गावात वारली, त्याला फार दुःख झालं. दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय की थोड्याच काळात त्याची दाढी पांढरी झाली. हा दगड त्याच सुमाराचा.

"दगडाने बरं वाटतं?" बाबूने विचारलं.

"दगडात काही नसतं. बरं करणारा अल्लाह."

"मग त्याने का घातला? त्याला माहीत नव्हतं?"

इथे माझ्याकडे उत्तर होतं. गळ्यात घालण्याच्या ताविजांविषयी आपल्या घराघरांत जे बोललं जातं ते मी बोलू शकले असते. त्याऐवजी तोंडातून निघालं, "मला माहीत नाही, बाबू. कदाचित हात ठेवायला काहीतरी हवं असेल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग पदकाकडे बघतच म्हणाला, "तू नानीचा आवाज ऐकतेस, तसं?"

पंख्याच्या आवाजाचा माझा सगळा हिशेब तिथे संपला. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "रोज ऐकू येतो. पापड मिळाले का. मी झोपलेला नसतो." गुड्डी लगेच म्हणाली, "मला नाही ऐकू येत! मला पण ऐकायचाय!" आणि पहारेकरी आमच्याकडे बघू लागला. मी त्या दालनात, परक्या देशात, लोकांसमोर रडले. महिनाभरात पहिल्यांदा.

त्या इमारतीत समुद्राकडे उघडणारी एक प्रचंड उंच काचेची भिंत आहे. पलीकडे पाणी, लाकडी धाऊ आणि वेस्ट बेच्या उंच इमारती. आम्ही तिथे जाऊन बसलो. बाबूचे प्रश्न एकामागून एक यायला लागले. सगळे साठवून ठेवलेले होते. तू गेली का नाहीस? विमान नव्हतं तर थांबा का नाही म्हणालीस? नानीला अंधारात भीती वाटत असेल का? मोठी माणसं रडली तर गुनाह लागतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मला लक्षात आलं की महिनाभर हा मुलगा माझं कोरडं तोंड पाहून काय समजत होता. मी त्याला सांगितलं की प्रेषितांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. जोरजोरात आक्रोश करू नये, छाती बडवू नये, पण डोळ्यांतलं पाणी ही रहमत आहे. तो म्हणाला, "मग तू पंखा कशाला लावायचीस?"

बाहेर बागेत आलो. मुलांच्या अब्बूंनी करक चहा आणला. बाकावर चौघं बसलो आणि मी मोबाईल काढून तो निरोप सगळ्यांना ऐकवला. खोकला आला तिथे गुड्डी हसली. नानी समोर खोकायची तेव्हाही ती अशीच हसायची. चार वेळा ऐकला. मग बाबूने विचारलं की पापड शेवटी मिळाले होते का. मिळाले होते. डब्यात अजून होते. त्या रात्री तळले.

2018 मध्ये आम्ही कायमचे परत आलो आणि अंबरनाथला घर घेतलं. मी आता इथल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आल्याआल्या बाबूची तक्रार सुरू झाली, इथे बघायला काय आहे? मी त्याला शिवमंदिर दाखवायला नेलं. बाहेरूनच, पण तासभर भिंती पाहिल्या. शिलाहारांच्या काळातलं, 1060 सालचं. त्याने मनात वजाबाकी केली आणि म्हणाला, "म्हणजे ते हरिण याच्याहून थोडंच मोठं." तेव्हापासून त्याला कोणत्याही जुन्या वस्तूचं वय त्या हरणाशी ताडून पाहायची सवय लागली आहे. सहलीची माझी रीतही बदलली. गेल्या खेपेस मुंबईला वर्ग नेला तेव्हा प्रत्येकाला सांगितलं, एकच वस्तू निवडा आणि तिच्यापुढे बसा. एक मुलगा पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढून उठलाच नाही. वही कोरी. परतीच्या लोकलमध्ये मात्र कल्याण येईपर्यंत तोच बोलत होता.

रावेरहून भावाने अम्मीची पेटी पाठवली होती. चष्मा, सरौता, तसबीह, रेशनकार्डाची झेरॉक्स. मुलांनी खिडकीच्या कठड्यावर त्यांचं संग्रहालय मांडलं. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याची पाटी. बाबू मराठीत डावीकडून लिहायचा, गुड्डी उर्दूत उजवीकडून. दोघांची वाक्यं मधोमध येऊन धडकायची आणि मग भांडण. तसबीहची पाटी अशी होती: नानीची तसबीह. रावेर. मणी 33, एक हरवला म्हणून 32. हात लावू नये. हे शेवटचं ते माझ्याकडून शिकले असणार.

जुलै 2019 मध्ये उल्हास नदीला पूर आला. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, तो पूर. माझी नणंद बदलापूरला तळमजल्यावर राहते. माणसं वर शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. पीठ, गाद्या, फ्रिज, सासऱ्यांच्या हातची कागदपत्रं, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी मी चपात्या बांधत होते आणि बाबू पेपर मोठ्याने वाचत होता. एका शब्दाशी अडला. नदीकाठचे रहिवासी हवालदिल झाले, म्हणजे काय?

हा शब्द मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिला आहे. शेतकरी हवालदिल, प्रवासी हवालदिल. मराठीत इतका मुरलेला की तो कुठून आला याचा विचारही केला नव्हता. मी पोळपाट बाजूला केला आणि सांगितलं. हौल आणि दिल. बाबू माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे काचेतली ती? शहाजहानची?"

"तीच."

गुड्डी आठ वर्षांची झाली होती. ती काही बोलली नाही. आम्ही बदलापूरला पोहोचलो तेव्हा नणंद चिखलातून भांडी काढत होती. रडत नव्हती, बोलतही नव्हती. गुड्डीने फ्रॉकच्या खिशातून तसबीह काढली आणि तिच्या ओल्या हातात ठेवली. "फुफी, हे हात ठेवायला." नणंदेला अर्थातच काही कळलं नाही. पण तिने मूठ मिटली, दारातल्या ओल्या खुर्चीवर बसली आणि मग रडली.

घरी आल्यावर पाहिलं, तर कठड्यावरच्या रिकाम्या जागी नवा पुठ्ठा होता. या खेपेला मराठी आणि उर्दू धडकले नव्हते. एकाने वर लिहिलं होतं, दुसऱ्याने खाली. "उसनी दिली आहे. सध्या बदलापूर."

तसबीह अजून तिकडेच आहे.